व्यत्ययांचा रोजमेळ

होळी उलटली की हिंगोलीच्या हळद बाजारात पहाटेपासून वाहनांची रांग लागते. वसमत, औंढा, सेनगाव, कळमनुरी या तालुक्यांतून आणि जिल्ह्याबाहेरूनही हळदीचे कट्टे उतरू लागतात. हमालांच्या हाका, लिलावातील बोली आणि मापाड्याची आकडेमोड एकाच वेळी कानावर येत असते. कुणाची हिशोबपट्टी व्हायची राहिलेली असते, कुणाला मुलीच्या लग्नासाठी उचल हवी असते, कुणी नुसताच सावलीला येऊन बसलेला असतो. आडत दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला या दिवसांत सलग दहा मिनिटेही स्वतःची म्हणून मिळत नाहीत. सोयाबीनच्या हंगामात, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, पुन्हा तेच.

घरातही वेगळे चित्र नसते. दाराची बेल, सासऱ्यांची औषधे, मुलांची शिकवणी, गावात विहार करून आलेल्या साधू-साध्वींच्या आहाराची वेळ, दुकानातून अचानक येणारा ‘दोन माणसे जेवायला आहेत’ असा निरोप आणि या सगळ्यांवर सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक आटोपण्याची शिस्त. आपल्या समाजातील कितीतरी सुनांच्या तोंडी ‘लग्नाआधी मी लिहीत होते’ हे वाक्य ऐकू येते. कितीतरी काकांच्या कपाटात महाविद्यालयीन काळातील कथांची एखादी पिवळी पडलेली वही असते. विचारले तर दोघांचेही उत्तर एकच असते. थोडा निवांतपणा मिळाला की पुन्हा लिहू.

व्यापारी माणसाला वायद्याची किंमत ठाऊक असते. ज्या वायद्याला तारीख नाही तो वायदा बुडीत खात्यात जातो. निवांतपणाचा वायदा तसाच आहे. मुले मोठी होईपर्यंत नातवंडे येतात, दुकान मुलाच्या हाती देईपर्यंत डोळे थकतात आणि जे सांगायचे होते ते सांगणाऱ्याबरोबरच जाते. म्हणून या लेखात प्रश्न उलट्या बाजूने विचारून पाहावयाचा आहे. व्यत्यय संपण्याची वाट पाहण्याऐवजी व्यत्ययालाच कथेचा कच्चा माल मानले तर? तसे मानले, तर हा माल व्यापाऱ्याच्या उंबऱ्यावर जेवढा येऊन पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कुणाच्या दारी पडत असेल.

बाजार ऐकणारे आचार्य

हा विचार नवा नाही आणि आपल्याला परकाही नाही. जैन आचार्य उद्योतनसूरी यांनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या तडाख्यात सापडलेल्या जीवांची ही जन्मोजन्मीची कहाणी. तिचा नायक राजपुत्र कुवलयचंद्र विजयापुरी नगरीच्या बाजारातून जातो, तेव्हा एखादा साधा कथाकार ‘बाजारात गर्दी होती’ एवढे सांगून पुढे गेला असता. आचार्यांनी मात्र तेथे कथा थांबवली आणि त्या गर्दीला बोलू दिले.

अठरा देशी भाषांचा तेथे उल्लेख येतो. कोणत्या प्रांताचा व्यापारी दिसायला कसा, त्याचा स्वभाव कसा आणि बोलताना तो कोणते शब्द वारंवार वापरतो, हे एकेका ओळीत टिपलेले आहे. त्यात मरहट्टेही आहेत. ते काटक आहेत, सावळे आहेत, सोशिक आहेत. शिवाय अभिमानी आणि भांडखोर आहेत. त्यांच्या तोंडी दिल्या-घेतल्याचे, म्हणजे निव्वळ देवघेवीचे शब्द आहेत. मराठी भाषेच्या प्राचीनतेचा शोध घेणारे अभ्यासक या उल्लेखाकडे आवर्जून वळतात. साडेबाराशे वर्षांपूर्वी आपली भाषा बोलणारी माणसे एका जैन कथेत भेटतात आणि तीही बाजारात, सौदा करताना भेटतात, ही गोष्ट आपल्या घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असावयास हवी.

संसाराचा त्याग केलेल्या मुनींनी बाजाराचा कोलाहल एवढ्या बारकाईने ऐकला कसा असेल? पायी विहार करणाऱ्या साधूला गावोगावच्या पेठांतून जावे लागते आणि कानावर पडणारे शब्द टाळता येत नाहीत. ते शब्द त्यांनी मनाबाहेर हाकलून दिले नाहीत; कथेत त्यांना जागा दिली. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या कथेला जिवंतपणा आला तो त्या बाजारामुळे.

अर्ध्या आयुष्याची कहाणी

दुसरे उदाहरण थेट व्यापारी घरातले आहे. बनारसीदास हे जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुटुंबात १५८६ साली जन्मले. घरचा धंदा जवाहिरांचा. मुलाला लिहिण्या-वाचण्याचा नाद लागलेला पाहून वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावले की फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम. वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे. हा उपदेश आजही हिंगोलीच्या किंवा वाशीमच्या पेठेत नव्याने ऐकू येऊ शकेल.

तरुणपणी बनारसीदासांनी शृंगाररसावर एक मोठे काव्य रचले आणि एके दिवशी मित्रांच्या देखत ते गोमती नदीत फेकून दिले. एक असत्य बोलणाऱ्यालाही दुःख भोगावे लागते, मग आपण तर सगळे काव्यच कल्पनेने भरले आहे, ही टोचणी त्यांना लागली होती. पुढे धंद्यासाठी ते आग्र्याला गेले. व्यापारात बसली ती खोट. हाताशी पैसा नाही, काम नाही, अशा दिवसांत ते संध्याकाळी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवालाही असे, आणि त्याच्याकडून बनारसीदास महिनोन् महिने उधारीवर कचोऱ्या खात राहिले.

पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ साली, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर आपली निम्मीच कहाणी झाली, म्हणून हे नाव. भारतीय भाषांतील आत्मचरित्रांच्या इतिहासात या ग्रंथाला फार मानाचे स्थान आहे. पण त्यात भरलेले आहे काय? बुडालेला धंदा, आजारपणे, घरातील मृत्यू, प्रवासात पावसाने गाठल्यामुळे चौकीदाराच्या झोपडीत काढलेली रात्र आणि कचोरीवाल्याची उधारी. अकबराच्या मृत्यूची बातमी कानी आली तेव्हा जिन्यावर बसलेले बनारसीदास मूर्च्छा येऊन पडले आणि त्यांचे डोके फुटले, हा प्रसंगही त्यात आहे. साऱ्या हिंदुस्थानची घडी विस्कटल्याची ती बातमी एका व्यापारी घराच्या जिन्यावर कशी येऊन आदळली, हे इतिहासाच्या बखरींतून कळले नसते. सुरळीत चाललेल्या व्यापाराने त्यांना जे दिले नाही ते अडथळ्यांनी दिले.

तुकड्यातुकड्यांनी झालेली मोठी कामे

मराठीत या गोष्टीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. शाळा, चळवळ, सभा या धबडग्यात असलेल्या साने गुरुजींचे आयुष्य कारावासाने मध्येच तोडले. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी या पुस्तकाला हात घातला आणि बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. पुस्तकाची रचना पाहा. एकेका रात्री सांगितलेली एकेक आठवण. दिवसभराची कामे संपली की गोष्ट, आणि उरलेली उद्या. ज्यांना सलग वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा आराखडा आजही उपयोगी आहे.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करताना त्यांना जे सुचले ते घरच्यांनी टिपून ठेवले. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आले, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. कामातून सुटका मिळाल्यावर त्यांनी कविता केली नाही. काम हेच त्यांच्या कवितेचे शब्द झाले. नर्सी हे नामदेव महाराजांचे जन्मगाव अशी परंपरा आहे आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी आणि देहूचे दुकानदार तुकाराम महाराज यांनी आपापल्या धंद्याचे शब्द अभंगात नेले, तेही या वाटेनेच.

आपल्या मातीत आजही ही परंपरा आहे. कळमनुरी तालुक्यातील रूपूरचे फ. मुं. शिंदे आणि वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांच्या कवितेत या भागाची बोली आणि शेतघर आले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा ज्याच्यातून वेगळा झाला त्या परभणीत आसाराम लोमटे वृत्तपत्राचे काम करीत कथा लिहितात. पत्रकाराचा दिवस म्हणजे व्यत्ययांचीच मालिका. तरी त्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सातासमुद्रापलीकडे कॅनडात ॲलिस मन्रो या लेखिकेने पतीसह १९६३ साली व्हिक्टोरिया शहरात पुस्तकांचे दुकान काढले. घरात लहान मुली, हाताशी दुकान. आपण कादंबरीऐवजी कथा का लिहितो याचे उत्तर त्या सरळ देत की लांबलचक कामाला लागणारा सलग वेळच मिळत नव्हता. २०१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते कथांसाठीच. वेळेच्या तुटवड्याने त्यांना त्यांचा साहित्यप्रकार दिला, असे म्हणता येईल.

अर्थात प्रत्येक व्यत्यय फळतोच असे नाही. इंग्रज कवी कोलरिज यांनी सांगून ठेवले आहे की १७९७ साली स्वप्नात सुचलेली ‘कुब्ला खान’ ही कविता ते उतरवून घेत असताना पोर्लॉक गावाहून कुणी कामासाठी आले, तासभर बसले आणि ते गेल्यावर उरलेली कविता मनातून पुसली गेली होती. कविता अपुरीच छापली गेली, १८१६ मध्ये. मात्र गंमत अशी की त्या अनोळखी पाहुण्याची हकिकत कवितेइतकीच प्रसिद्ध झाली.

राहिलेली उधारी विसरत नाही

अपुरे राहिलेले मनात का घोळते, याचा शोध ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने बर्लिनमध्ये घेतला. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मध्येच थांबवलेली कामे लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक चांगली आठवली. उपाहारगृहातील वाढप्याला बिल चुकते होईपर्यंत सगळे पदार्थ तोंडपाठ असतात आणि पैसे मिळताच तो ते विसरतो, या निरीक्षणातून हे कुतूहल जागे झाले, असे सांगतात. नंतरच्या काही संशोधकांना तोच निष्कर्ष मिळाला नाही, हेही खरे. पण आपल्याला या प्रयोगाचे नवल वाटण्याचे कारण नाही. वसूल झालेली रक्कम वहीत जाते. राहिलेली उधारी रात्री झोपेत आठवते.

कथेची उधारीही अशीच राहू द्यावी. अर्न्स्ट हेमिंग्वे हे अमेरिकन लेखक पुढे काय लिहायचे ते ठाऊक असतानाच दिवसाचे लेखन थांबवीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी अडायला होत नसे. आपल्याला थांबण्याची वेळ निवडता येत नाही. ती गिऱ्हाईक निवडते. तरी उठण्यापूर्वी पुढच्या वाक्याचे दोन शब्द लिहून ठेवता येतात. परत आल्यावर त्या दोन शब्दांचे बोट धरून आत शिरता येते.

रोजमेळ आणि खतावणी

लेखनाची रीत शिकण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. ती गादीवरच आहे. दिवसभरात जे घडले ते घडेल त्या क्रमाने रोजमेळात उतरते. तेथे निवड नसते आणि सजावटही नसते. नंतर निवांत वेळी एकेक नोंद खतावणीत आपापल्या खात्यावर जाते. आणि वर्षाच्या शेवटी ताळेबंद. कथेचेही हेच तीन टप्पे आहेत.

पहिल्या टप्प्यात खिशात मावेल अशी एक छोटी वही ठेवावी. काम अडवणारे जे जे येईल त्याची एका ओळीत नोंद करावी. कोण आले, त्यांचे एक वाक्य जसेच्या तसे, आणि एक दिसलेली वस्तू. ‘दुःखी माणूस’ असे लिहू नये. ‘चपला हातात घेऊन आत आला’ असे लिहावे. दिवसाला तीन नोंदी पुष्कळ झाल्या.

दुसऱ्या टप्प्यात आठवड्यातून एकदा त्या नोंदी खात्यांवर टाकाव्यात. उधार, वाट पाहणे, लपवलेली गोष्ट, न मागता मिळालेले, परत न आलेले, अशी खाती आपोआप तयार होतात. एका खात्यावर तीन-चार नोंदी जमल्या की त्यांच्यात नाते दिसू लागते. मंगळवारचा शेतकरी आणि शुक्रवारची कामवाली बाई यांची एकमेकांशी ओळख नसते, पण दोघेही एकाच खात्यावर बसतात.

तिसरा टप्पा प्रश्नांचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भर दुपारी, पट्ट्या करण्याच्या गडबडीत, दुकानातील फोन वाजतो. पलीकडे म्हातारा आवाज. “बाळू, पोचलास का रे?” दुकानदार म्हणतो, “आजी, राँग नंबर आहे.” क्षणभर शांतता. मग आवाज येतो, “बरं. पण तू पोचलास ना?” आणि फोन बंद होतो.

रोजमेळात एवढीच नोंद. आता प्रश्न विचारू. बाळू कोण आणि कोठे निघाला होता? आजीजवळ त्याचा बरोबर नंबर का नाही? दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन आला तर? आणि दुकानदाराच्या तोंडून सहज ‘हो आई, पोचलो’ असे निघून गेले तर?

येथे कथा सुरू होते, कारण येथे काहीतरी पणाला लागते. हा दुकानदार अणुव्रते मानणारा श्रावक आहे, असे समजा. वजनात खोट नाही, भावात खोट नाही, असा त्याचा पेठेत लौकिक. आता रोज दुपारी तीन वाजता तो एका अनोळखी म्हातारीशी खोटे बोलतो आणि त्या खोट्याने ती जेवते, झोपते. सत्याचे व्रत मोठे की तिच्या जिवाला न दुखवणे मोठे? मुनीमजी ऐकत आहेत. मुलगा ऐकत आहे. ज्याला काल याच दुकानात खरे बोलण्याचा धडा दिला होता. आणि एखाद्या दिवशी फोन आलाच नाही तर तीन वाजता दुकानदाराचे हात का थांबतील? पट्ट्या करण्यात आलेला अर्ध्या मिनिटाचा अडथळा आता पंधरा पानांची कथा मागतो आहे. तिचे उत्तर लेखकाला आधी ठाऊक असण्याची गरज नाही. एकाच प्रसंगाकडे दुकानदार, मुलगा आणि म्हातारी यांच्या बाजूने पाहत जावे. अनेकान्त ही कथाकाराची फार मोठी शिदोरी आहे.

रोजमेळ गर्दीत लिहिता येतो. ताळेबंद मात्र दार लावूनच करावा लागतो. कथेची अखेरची जुळवणी एकाग्रता मागते आणि त्यासाठी आपल्या घरांत एक सोय आधीच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घराला संध्याकाळी जो तास मिळतो तो इतर घरांना मिळत नाही. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे सामायिकासाठीच राखावीत. पण तेवढा वेळ एका जागी स्थिर बसण्याची सवय ज्या शरीराला आहे, त्याला लेखनाची बैठक अवघड जाणार नाही.

कोणता आवाज ऐकावा

सगळेच अडथळे सारखे मानू नयेत. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली लहर प्रथम पकडली. चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा असलेल्या या यंत्राला रस्त्यावरचा ट्रक, वारा, जमिनीचे बारीकसे कंपन हे सगळे व्यत्ययच. शास्त्रज्ञ त्यांना कंटाळून यंत्र बंद करीत नाहीत. प्रत्येक कंपनाची ओळख पटवून घेतात, म्हणजे उरलेल्यातून खरा संदेश वेगळा काढता येतो.

आपल्यालाही ही ओळख पटवता आली पाहिजे. हातातील मोबाइल दर दोन मिनिटांनी किणकिणतो, त्यामागे बहुधा कुणाचा चेहरा नसतो. तो आवाज बंद करावा. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र चेहरा असतो, गाव असते, न बोललेले काहीतरी असते. त्याच्यासाठी लेखणी खाली ठेवल्याने लेखनाचे नुकसान होत नाही. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला निघालेला आणि वाटेत ‘सहज डोकावलो’ म्हणणारा दूरचा नातेवाईक अर्धा दिवस खातो, हे खरे. पण पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी कोणत्या गावाहून काय आणून दुकान मांडले हे फक्त त्यालाच ठाऊक असते.

विकथा आणि कथा

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. शास्त्रांनी विकथा टाळण्यास सांगितले आहे. स्त्रियांविषयीच्या, भोजनाच्या, देशाच्या, राजाच्या आणि काही परंपरांत चोरांच्या निरर्थक गप्पा म्हणजे विकथा. दुकानाच्या पायरीवर जे बोलले जाते त्यातील बरेचसे या व्याख्येत बसेल. मग ते वहीत टिपणे योग्य ठरेल का?

याच परंपरेने कथेचा मानही राखला आहे. आचार्य हरिभद्रसूरींनी ‘समराइच्चकहा’च्या आरंभी अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि संकीर्णकथा असे चार प्रकार सांगितले. म्हणजे अर्थ आणि काम यांच्या कथा असतात हे त्यांनी नाकारले नाही. विकथा आणि कथा यांतील फरक विषयात नसून हेतूत आहे. विकथा ऐकणाऱ्याला दुसऱ्यापेक्षा आपण बरे असे वाटायला लावते. कथा ऐकणाऱ्याला त्या दुसऱ्याच्या जागी नेऊन उभे करते. पेठेतल्या एका घरची भानगड चवीने सांगितली तर ती विकथा. तेच दुःख आपल्या उंबऱ्यापर्यंत आणले तर ती कथा.

दुसरी मर्यादा अचौर्याची. न दिलेले घेणे म्हणजे चोरी, ही आपल्याकडील व्याख्या लेखकालाही लागू पडते. कर्ज मागायला आलेल्या माणसाने घरची अडचण सांगितली ती विश्वासाने. कथेसाठी दिली नाही. म्हणून नाव बदलणे पुरेसे नाही. गाव, धंदा, वय, नाते सगळे बदलावे, दोन-तीन माणसे मिळून एक माणूस घडवावा आणि शेवटी स्वतःला विचारावे की ही कथा त्या माणसाच्या हाती पडली तर त्याची मान खाली जाईल का? उत्तर ‘होय’ असेल तर लिहिलेले पुन्हा बदलावे. खातेदाराची वही जशी परक्याला दाखवत नाही, तशीच ही रोजमेळाची वहीही घरातच राहावी.

आपली गोष्ट कोण सांगणार?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. मराठी ग्रामीण कथेत दुकानदार आणि सावकार पुष्कळदा येतो. बहुधा तो काटा मारणारा असतो किंवा व्याजाच्या आकड्याने शेतकऱ्याला बुडवणारा असतो. ते चित्र खोटे म्हणता येणार नाही. तसे घडले आहे आणि ज्यांनी भोगले त्यांनी लिहिले आहे. पण ते अपुरे आहे. दुष्काळात परत न येणारी उधारी देणारा हात, वसुलीला जाऊन चहा पिऊन परत येणारी पावले, गादीवर बसून हिशोबापलीकडची दुःखे ऐकणारा कान, आणि सोबतच आपल्याच घरातील लोभ, सुनांच्या मनावर बसलेली झाकणे, भावाभावांतील वाटण्या हे सगळे आतून पाहिलेले माणूसच लिहू शकेल. स्वतःच्या समाजाची बाजू मांडण्यासाठी लिहू नये. बनारसीदासांप्रमाणे आपले खोट-नफे एकाच प्रामाणिकपणाने मांडावेत. तसे केले तरच बाहेरचा वाचक विश्वास ठेवील.

आणि वेळ थोडा आहे. लाल कापडात बांधलेल्या वह्यांची जागा संगणकाने घेतली, हे सोयीचेच झाले. मात्र त्या वह्यांच्या समासात वडीलधाऱ्यांनी लिहिलेली ‘बैल मेला, तगादा करू नये’ यांसारखी वाक्ये संगणकात कुणी भरत नाही. मुले पुण्याला, बंगळुरूला आणि त्याहून दूर गेली आहेत. गादीवर बसून ऐकणारी कदाचित ही शेवटचीच पिढी असेल.

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी मानतात, नव्या वहीवर शुभ-लाभ लिहून व्यवहाराला आरंभ करतात. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी ज्येष्ठात येते आणि तिचाही भाव ग्रंथरक्षणाचाच. हिशोबाची वही आणि ज्ञानाची पोथी एकाच दिवशी पुजणारा समाज आपला आहे. या वर्षी पूजेच्या पाटावर नव्या वह्यांशेजारी आणखी एक कोरी वही ठेवावी. दुसऱ्या दिवशी दुकान उघडेल, फोन वाजेल, कुणीतरी कामात येऊन बसेल. तिची पहिली ओळ तेथेच मिळेल.